संतोषचा आनंद कसा झाला

वडील गेल्यानंतर सहा महिन्यांनी, म्हणजे २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर, खानापूर तालुक्यातल्या नंदगडच्या पलीकडील आमच्या दीड एकर शेताच्या उताऱ्यावर वारसांची नावे चढवण्याचे काम माझ्याकडे आले. संतोष पुण्यात, आनंद गोव्यात, आणि बेळगावात राहणारी मी एकटी. शिवाय दोघांपेक्षाही मी मोठी. तेव्हा कचेरीचे हेलपाटे माझ्या वाट्याला येणार हे कोणी न बोलताच ठरून गेले होते. हेलपाट्यांचे मला काही वाटले नाही. अडचण वेगळीच होती. माझे सगळे शिक्षण मराठी शाळेत झाले आणि त्यानंतरची बत्तीस वर्षे एका छापखान्यात मराठी मुद्रिते तपासण्यात गेली. कन्नड मला बोलता येते, म्हणजे रविवार पेठेत भाव करण्यापुरते आणि शेजारणीशी सुखदुःख बोलण्यापुरते. वाचायची म्हटली तर बसच्या पाटीवरची चार अक्षरे जुळवावी लागतात, आणि तोवर बस निघून जाते.

आमच्याकडे ज्याला आपण उतारा म्हणतो त्याला कचेरीत पहाणी म्हणतात आणि शिकलेली माणसे आरटीसी म्हणतात. वडिलांच्या नावाची पहाणी, वारसा नोंदीची म्हणजे ‘पौती खात्या’ची माहिती, अर्जासोबत जोडायच्या कागदांची यादी हे सगळे आता संकेतस्थळावर मिळते, आणि ते सगळे कन्नडमध्ये असते. सीमाभागात मराठीतून कागदपत्रे मिळावीत ही मागणी १९५६ पासूनची आहे आणि तिच्याबद्दल माझे मत काय असेल ते बेळगावच्या वाचकाला सांगायला नको. पण त्या दिवसांत माझ्यापुढचा प्रश्न एवढाच होता की पडद्यावर काय लिहिले आहे ते मला आज कळायला हवे. संतोषच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, फोनवरून युक्ती सांगितली. “आत्या, वर कोपऱ्यात भाषांतराचं चिन्ह आहे बघ. मराठी निवड आणि दाब.” मी दाबले. डोळ्यांदेखत अख्खे पान मराठी झाले. साठीच्या उंबरठ्यावर असलेल्या बाईला असा चमत्कार पाहून जेवढा हर्ष व्हावा तेवढा मला झाला, हे मान्य करते.

पहिले काही दिवस खरोखरच बरे गेले. कोणते कागद लागतात, अर्ज कोणाकडे द्यायचा, शुल्क किती, एवढे त्या मराठीतून समजत होते. शब्द थोडे परके वाटत, पण ‘ग्राम लेखापाल’ म्हणजे आपला तलाठी हे कळायला काही विद्वत्ता लागत नाही. यादीत ‘कौटुंबिक वृक्ष’ असा एक कागद होता. त्याच्यापाशी मात्र मी थोडी अडखळले. झाडांचीही नोंद मागतात की काय, अशी शंका मनात येऊन गेली, कारण आमच्या बांधावर दोन फणस आणि एक जांभूळ आहे. मग लक्षात आले की वंशावळ म्हणायचे आहे.

खरा धक्का बसला तो प्रतिज्ञापत्राच्या मसुद्यावर. कचेरीबाहेर बसणाऱ्या बाँड रायटरने वारसांचे प्रतिज्ञापत्र कन्नडमध्ये टाइप करून व्हॉट्सअॅपवर पाठवले आणि घरी सगळ्यांना दाखवून घ्या म्हणून सांगितले. मी तो मजकूर भाषांतराच्या चौकटीत टाकला आणि आलेली मराठी प्रत भावांना पाठवून दिली. रात्री नऊच्या सुमारास संतोषचा फोन आला. आवाज जरा चढलेला होता. “अक्का, ह्यात माझं नाव कुठाय? आनंदचं दोनदा घातलंय.” मी चष्मा लावून पाहिले. खरेच होते. वारस क्रमांक एक, शांता, मुलगी. वारस क्रमांक दोन, आनंद, मुलगा. वारस क्रमांक तीन, आनंद, मुलगा. माझे नाव यंत्राने सुदैवाने होते तसे ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाच्या गाडीने मी खानापूरला गेले आणि त्या बाँड रायटरला चार शब्द सुनावायच्या तयारीने त्याच्या टेबलापुढे उभी राहिले. त्याने शांतपणे मूळ कागद काढला आणि कन्नड ओळीवर पेन ठेवून एकेक अक्षर वाचून दाखवले: सं, तो, ष. त्याखालच्या ओळीत: आ, नं, द. त्याचे काहीच चुकले नव्हते. यंत्राने ‘संतोष’ हे विशेषनाम न मानता साधा शब्द मानला होता, त्याचा अर्थ लावला होता आणि अर्थाने आनंद झाला होता. घरी येऊन भाच्याला सांगितले तेव्हा तो पोट धरून हसला आणि मग म्हणाला, “आत्या, हे इंग्रजीतून फिरून आलंय.”

त्याचे म्हणणे मला समजले ते असे. कन्नड आणि मराठी या दोन भाषांतील समोरासमोर ठेवलेली वाक्ये, म्हणजे यंत्राला ज्यांवरून शिकवायचे ती जोडवाक्ये, फार थोडी उपलब्ध असतात. कन्नड आणि इंग्रजीची किंवा मराठी आणि इंग्रजीची त्या मानाने पुष्कळ मिळतात. म्हणून अनेक सेवा कन्नड मजकूर आधी इंग्रजीत नेतात आणि तेथून मराठीत आणतात. खानापूरहून बेळगावला यायचे तर मधे मुंबईला जाऊन गाडी बदलावी, तसे. संतोष इंग्रजीत गेला तेव्हा त्याचे ‘सुख’ झाले आणि मराठीत उतरताना ‘आनंद’ झाला. एकदा ही किल्ली हाती आल्यावर मला त्या मसुद्यातील बाकीच्या गमतीही उलगडू लागल्या. पंच म्हणून आमचे मामा सही करणार होते. मूळ कागदात ‘सोदरमाव’ असा स्वच्छ शब्द होता, आणि आमच्या भागात तो मराठी घरांतही कानावरून गेलेला असतो. यंत्राने त्याचे ‘काका’ केले होते. थोरल्या चुलत्यांसाठी ‘दोड्डप्पा’, धाकट्यांसाठी ‘चिक्कप्पा’ असे वेगवेगळे शब्द कन्नडमध्ये आहेत. तेही दोघे ‘काका’. मामा, थोरले चुलते, धाकटे चुलते, सगळे इंग्रजीच्या एकाच दारातून वाकून आत आले आणि बाहेर पडताना एकसारखे झाले. घरगुती पत्रात हे चालून गेले असते. वारसाच्या कागदात चुलता आणि मामा यांच्यात जमिनीएवढा फरक असतो.

मी कोणती सेवा वापरली ते येथे लिहीत नाही. तीन वापरून पाहिल्या आणि दोष थोड्याफार फरकाने सगळ्यांत आढळले. या सोयी इतक्या नव्या आहेत हेही मला ठाऊक नव्हते. गूगलच्या भाषांतरसेवेत कन्नड २०११ मध्ये आली आणि मराठी २०१३ मध्ये. त्या काळची पद्धत आकडेवारीवर चालणारी होती, म्हणजे शब्दांचे तुकडे शोधून जोडणारी. २०१७ च्या एप्रिलमध्ये मराठी आणि कन्नडसह नऊ भारतीय भाषांसाठी न्यूरल पद्धत सुरू झाली, जी अख्खे वाक्य एकदम विचारात घेते. भारत सरकारचा भाषिणी हा उपक्रम २०२२ चा. आयआयटी मद्रासमधील ‘एआय फॉर भारत’ या गटाने २०२३ मध्ये ‘इंडिकट्रान्स २’ आणले, त्यात भारतीय भाषांतून भारतीय भाषांत थेट जाण्याचीही वाट आहे, असे भाच्याने सांगितले. ही वाट रुळली तर आमच्यासारख्यांना तिचा उपयोग होईल असे मला वाटते.

पण न्यूरल पद्धतीबद्दल एक तक्रार मुद्रितशोधक म्हणून मला नोंदवायची आहे. जुनी भाषांतरे वेडीवाकडी असत, वाक्य मधेच लंगडत असे, आणि त्यामुळे वाचणारा आपोआप सावध होई. नवे भाषांतर सफाईदार असते. चुकीचे वाक्यसुद्धा व्याकरणाने इतके नेटके येते की त्यावर बोट ठेवायला जागा सापडत नाही. छापखान्यात आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवले होते की ज्या खिळ्याने, म्हणजे छपाईच्या अक्षराने, शब्दाचा भलताच पण खरा शब्द होतो, ती चूक सर्वांत उशिरा सापडते. ‘दिन’चे ‘दीन’ झाले तर डोळा सरळ पुढे जातो. यंत्राच्या चुका नेमक्या त्या जातीच्या आहेत.

त्यातली सर्वांत महागात पडू शकली असती अशी चूक हरकतींच्या सूचनेत होती. लांबलचक वाक्य होते आणि त्याचे मराठी असे आले होते की मुदतीनंतर आलेल्या विवाद अर्जांचा विचार केला जाईल. मला त्यात काही खटकले नाही. उलट बरेच वाटले, कारण मुदत एवढी सैल असेल तर आमच्या कागदांनाही सवलत असणार असे मी धरले. आनंदला रजा मिळत नव्हती, चुलत्यांकडून एक सही यायची होती, तेव्हा थोडे पुढेमागे झाले तरी चालेल असे मी त्याला कळवूनही टाकले.

याच सुमारास भाच्याने मला एक छोटीशी सोय करून दिली होती. मी त्याच्याजवळ सहज म्हटले होते की अरे, मला भाषा नको आहे, मला अक्षरे हवी आहेत. कन्नड अक्षरे कोणी देवनागरीत लिहून दिली तर पुढचे माझे मी बघेन. त्याने सांगितले की हे काम तर फारच सोपे आहे. देशी लिप्यांसाठी पूर्वी ठरलेल्या ‘इस्की’ या मानकाचा साचा युनिकोडने उचलला, त्यामुळे कन्नड ‘क’ आणि देवनागरी ‘क’ आपापल्या तक्त्यांत एकाच घरात बसतात आणि दोघांच्या क्रमांकांत ८९६ चे ठरावीक अंतर असते. तेवढे वजा केले की अक्षर देवनागरी होते. कन्नडमधील ऱ्हस्व ‘ए’ आणि ‘ओ’ यांची थोडी वेगळी व्यवस्था त्याने केली. ‘ळ’ तर दोन्हीकडे आहेच. तासाभरात एक चौकट तयार झाली: वर कन्नड चिकटवायचे, खाली देवनागरी उतरते.

मी पहिली ओळ टाकली ती कागदांच्या यादीतली. खाली उमटले: ‘मृत खातेदारर वारसुदारर वंशावळि हागू मरण प्रमाण पत्र’. मी ती ओळ दोनदा वाचली. यातला कोणता शब्द मला कळत नव्हता? एक ‘हागू’, म्हणजे ‘आणि’, तोही बाजारात ऐकलेला. ज्या ओळीचे यंत्राने इंग्रजीतून वळसा घेऊन ‘कौटुंबिक वृक्ष’ केले होते, तिच्यात आमची वंशावळ जशीच्या तशी, एका वेलांटीच्या फरकाने, बसलेली होती. मग मी पानामागून पाने त्या चौकटीत घालत सुटले. अर्जि, तकरारु, मंजूरु, बाकि, वसूलि, जमीनु, हिस्सा, दाखले, कचेरि, खराबु. कचेरीची भाषा दोन्हीकडे एकाच मुशीतून आली आहे. कन्नडमध्ये शेवटी उकार किंवा ऱ्हस्व इकार लागतो एवढेच. ‘पहाणी’ हा शब्द तरी आपल्या पाहणीहून कितीसा दूर आहे? यंत्राने मात्र ‘तकरार’चा ‘विवाद’ केला आणि ‘पोटखराब’, म्हणजे लागवडीस न येणाऱ्या, क्षेत्राचे ‘वाईट जमीन’ केले. जे मला मुळात कळत होते ते भाषांतर करून कळेनासे केले, असा हा व्यवहार होता.

हरकतींची ती सूचना मी या चौकटीत घातली तेव्हा वाक्याचा शेवट असा उतरला: ‘अवधि मीरि बंद तकरारु अर्जिगळन्नु परिगणिसलागुवुदिल्ल’. शेवटचे ते ‘इल्ल’ पाहिले आणि अंगावर काटा आला. कन्नडचा एक शब्दही न येणारा माणूस बेळगावात दोन दिवस राहिला तरी ‘इल्ल’ म्हणजे ‘नाही’ हे शिकून जातो. विचार केला जाणार नाही, असे वाक्य होते. यंत्राने नकार वाटेत कोठेतरी सांडला होता. मी आनंदला लगेच फोन केला आणि त्याच आठवड्यात निघून ये म्हणून सांगितले. याच सूचनेत कागद ‘सल्लिसतक्कद्दु’, म्हणजे सादर केलेच पाहिजेत, असे होते. यंत्राने त्याचे ‘सादर करणे योग्य आहे’ असे करून हुकमाचा सल्ला करून टाकला होता.

येथे माझ्या शहाणपणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण अक्षरे देवनागरी झाली म्हणून भाषा मराठी होत नाही. वरच्याच ओळीतले ‘बंद’ मी पहिल्यांदा आपले मराठी ‘बंद’ समजले. कन्नडमध्ये तो ‘आलेला’ आहे. पहाणीच्या अकराव्या रकान्यात, जेथे इतर हक्क आणि ऋणे यांची नोंद असते, तेथे ‘बेळे साल’ असे आणि पुढे पन्नास हजारांचा आकडा होता. ‘साल’ म्हणजे वर्ष, यात मला तिळमात्र शंका नव्हती, कारण त्याच पानावर आर्थिक वर्षापुढे ‘सालिन’ असे लिहिलेले दिसत होते आणि तेथे अर्थ खरोखरच वर्षाचा होता. मी तो रकाना निर्धास्तपणे ओलांडून गेले. आमची शेजारीण गंगक्का संध्याकाळी भाजी निवडायला आली होती, तिने सहज पडद्याकडे पाहिले आणि विचारले, “वैनी, साल अजून फेडायचं हाय काय तुमचं?” ‘साल’ म्हणजे कर्ज आणि ‘बेळे’ म्हणजे पीक. वडिलांनी सोसायटीतून काढलेले पीककर्ज होते ते. त्यांनी फेडले होते, पण बोजा उतरवायचा राहून गेला होता. यंत्राच्या भाषांतरात मी नंतर मुद्दाम पाहिले. तेथे ‘पीक कर्ज’ असे अगदी बिनचूक लिहिलेले होते, आणि माझ्या तोऱ्यात मी ते वाचलेच नव्हते.

त्यानंतर माझी रीत ठरून गेली. एका बाजूला यंत्राचे भाषांतर, दुसऱ्या बाजूला देवनागरीत उतरवलेली मूळ ओळ, आणि जेथे दोघांचे जमत नाही तेथे गंगक्का. वेळ लागतो. पण मुद्रिताला मूळ प्रत शेजारी ठेवल्यावाचून हात लावू नये, या जुन्या सवयीत हे बसणारे होते.

काही ठिकाणी मात्र यांतले काहीच चालत नाही. जुन्या परिपत्रकांच्या पीडीएफ ‘नुडी’सारख्या जुन्या पद्धतीच्या अक्षरसंचात केलेल्या असतात, डोळ्यांना कन्नड दिसते, पण नक्कल करून चिकटवले की इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा येतो. स्कॅन केलेले कागद तर चित्रच. पानाचे भाषांतर केले तरी ते जागचे हलत नाहीत. फोनचा कॅमेरा धरून वाचण्याची सोय छापील मजकुरावर बरी चालते. कचेरीच्या फळ्यावर हाताने लिहिलेल्या आकड्यांवर तिने मला एकदा चकवले, कारण कन्नड सहा आणि नऊ दिसायला जवळजवळचे आहेत. क्षेत्राच्या रकान्यातले १.२० मात्र यंत्राने नव्हे, पुण्याच्या माणसाने चुकवले. संतोषला ते सव्वा एकराहून कमी वाटले आणि बारा गुंठे कोणी खाल्ले म्हणून तो अर्धा दिवस अस्वस्थ होता. ते एक एकर वीस गुंठे असते, आणि एकराचे गुंठे चाळीस.

उलट दिशेचा प्रयोग मी एकदाच केला. बोजा उतरवण्याचा साधा अर्ज होता. म्हटले, मराठीत लिहू, यंत्राकडून कन्नड करून घेऊ, कोणाला त्रास नको. वडिलांच्या नावाआधी मी रीतीप्रमाणे ‘कै.’ लिहिले होते. टेबलामागचा कारकून अर्ज वाचता वाचता थांबला, त्याने माझ्याकडे पाहिले, पुन्हा अर्जाकडे पाहिले. “अक्का, हे ‘हात तुकाराम’ कोण?” कन्नडमध्ये ‘कै’ म्हणजे हात. यंत्राला आमचे कैलासवासी ठाऊक नव्हते, त्याने ते अक्षर तसेच कन्नड लिपीत उतरवले होते. तो मनुष्य भला होता. स्वतःच्या पेनाने ते खोडून त्याने ‘दि.’ केले, म्हणजे दिवंगत, आणि मला बसायला खुर्ची दिली. वडील असते तर सगळ्यांत जास्त तेच हसले असते.

आनंद त्या आठवड्यात आला, सह्या झाल्या, कागद दाखल झाले. पावसाळा संपता संपता भाच्याने संकेतस्थळावर नवी पहाणी दिसत असल्याचे कळवले. मी भाषांतराच्या चिन्हाला हात न लावता ती उघडली, वहीत उतरवून ठेवलेला कन्नड अक्षरांचा तक्ता शेजारी घेतला आणि नववा रकाना मुद्रित वाचावे तसा वाचायला बसले. शां, ता. सं, तो, ष. प्रत्येक अक्षराखाली पेन्सिलीने टिंब देत जात होते, तेवढ्यात गोव्याहून फोन आला.

“अक्का, बघितलंस? माझं नाव एकदाच हाय न्हवं?”

“थांब जरा,” मी म्हटले. “अजून तुझ्यापर्यंत आले नाही.”